‘अधिकार’ आणि ‘हक्क’ : अमेरिकेंतील समतेचा लढा व आपलीं घरें

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत आपल्या समाजाच्या ज्या वसाहती पसरल्या आहेत, त्यांत ज्या घरचा एकादा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाची अमेरिकेंत नाहीं असें घर आतां शोधूनच काढावें लागेल. न्यू जर्सी, शिकागो, कॅलिफोर्निया हीं नांवें घरोघरच्या आजीबाईंच्या तोंडीं पुणें-नाशकाइतकीं रुळलीं आहेत. तिकडील बर्फ, तिकडील प्रशस्त घरें, नातवंडांच्या शाळा, विमानाचें भाडें यांची चर्चा पानावर बसल्या बसल्या रोज होते. एका गोष्टीची चर्चा मात्र क्वचितच कानीं येते. ती ही कीं, ज्या दारानें आपलीं मुलें त्या देशांत गेलीं तें दार कधीं उघडलें, कोणीं उघडविलें, आणि त्यासाठीं कोणीं काय सोसलें. उलट त्या देशांतील कृष्णवर्णीय लोकांचा विषय निघालाच, तर ‘त्यांच्या वस्तींत घर घेऊं नको’ एवढाच उपदेश इकडून तिकडे जातो. ज्यांचें ऋण आपल्या घरावर आहे त्यांच्याविषयीं आपणांस इतकेंच ठाऊक असावें, हें सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांस शोभणारें नाहीं. म्हणून त्या लढ्याचा अर्थ आपल्या बाजूनें लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दोन शब्दांतील अंतर

इंग्रजींत ज्यांस ‘सिव्हिल राइट्स’ म्हणतात त्यांस आपण कधीं नागरी हक्क म्हणतों, कधीं नागरी अधिकार म्हणतों. व्यवहारांत हे दोन शब्द एकाच अर्थानें चालतात. परंतु त्यांचीं कुळें वेगळीं आहेत, आणि तें वेगळेपण आजच्या विषयाची किल्ली आहे.

‘अधिकार’ हा शब्द मीमांसकांचा. जैमिनीच्या सूत्रांतील सहावा अध्याय याच विषयाचा आहे. अमुक एक कर्म करण्यास पात्र कोण, हा त्यांतील प्रश्न. आणि त्याचें उत्तर देतांना सामर्थ्य, विद्या यांबरोबरच वर्णाचाही, म्हणजे जन्माचा, विचार होतो. त्याच ठिकाणीं बादरि नांवाच्या आचार्यांचें मत नोंदलेलें आहे. वैदिक कर्माचा अधिकार सर्वांस आहे, असें ते म्हणतात. परंतु तें मत पूर्वपक्षांतच राहिलें, आणि सिद्धांत उलट झाला. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणही त्याच वाटेनें गेलें आहे.

‘हक्क’ हा शब्द अरबींतून, फारशीच्या वाटेनें, आपल्याकडे आला. त्याच्या पोटीं सत्य आणि न्यायानें येणें असलेली वस्तु, असे दोन्ही अर्थ आहेत. अधिकाराच्या दारांत उभ्या असलेल्या माणसास प्रथम ‘तूं कोण?’ असें विचारतात. हक्काच्या दारांत ‘याचें जें येणें आहे तें याला मिळालें कीं नाहीं?’ एवढेंच पाहतात. अमेरिकेचा सुमारें दोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या दारापासून दुसऱ्या दारापर्यंतची रखडत झालेली वाटचाल होय.

घोषणा एक, व्यवहार दुसरा

सर्व माणसें जन्मतः समान आहेत, असें त्या राष्ट्रानें १७७६ मध्यें जगास सांगितलें. अवघ्या चौदा वर्षांनीं, १७९० मध्यें, परक्यांस नागरिक करून घेण्याचा कायदा झाला. त्यांत ही सवलत ‘स्वतंत्र गोऱ्या’ मनुष्यापुरतीच राखून ठेविली. १८५७ मध्यें ड्रेड स्कॉट नांवाच्या गुलामाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तर, कृष्णवर्णीय मनुष्य या देशाचा नागरिक होऊंच शकत नाहीं, असा निर्णय दिला. पुढें यादवी युद्ध झालें. १८६५ मध्यें गुलामगिरी बंद झाली. १८६८ मध्यें त्या भूमीवर जन्मलेल्यास नागरिकत्व आणि कायद्याचें समान संरक्षण देणारी घटनादुरुस्ती झाली. १८७० मध्यें वर्णावरून मत नाकारूं नये अशी दुरुस्ती झाली.

कागदावर काम पुरें झालें होतें. परंतु १८९६ मध्यें त्याच न्यायालयानें ‘वेगळें पण समान’ अशी एक सोयीची व्यवस्था मान्य केली. मग दक्षिणेकडील संस्थानांत आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, दफनभूमि वेगळी, असा प्रकार सुरू झाला. मत देऊं जाणाऱ्या कृष्णवर्णीयापुढें वाचनाच्या परीक्षा आणि मतपट्टी यांचे अडसर उभे राहिले; आणि त्यांतूनही जो धिटाई करी त्यास जमावानें झाडास टांगण्याचे प्रकार घडूं लागले. आपल्याकडे ज्यास शिवाशिव म्हणत तीच ही वस्तु. फक्त तिला तिकडे धर्मग्रंथाऐवजीं कायद्याचा आधार होता.

एका पंडितांची आणि एका शिपायाची कथा

या व्यवस्थेंत आपला मनुष्य जाऊन उभा राहिला तेव्हां काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. सखाराम गणेश पंडित हें नांव आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं ऐकलें असेल. त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत जन्मलेले हे गृहस्थ ब्राह्मण. नांवाचें वळण उघडच मराठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते अमेरिकेस गेले. १९१४ मध्यें लॉस एंजेलिसच्या न्यायालयानें त्यांस नागरिकत्व दिलें. पुढें ते कॅलिफोर्नियांत वकिली करूं लागले, आणि तेथील एका बाईंशीं त्यांचा विवाह झाला.

याच सुमारास भगतसिंग थिंद या पंजाबी शीख तरुणाचा खटला उभा राहिला. थिंद हे पहिल्या महायुद्धाच्या वेळीं अमेरिकन सैन्यांत दाखल झाले होते व सन्मानानें मुक्त झाले होते. त्यांस मिळालेल्या नागरिकत्वास सरकारनें हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. थिंदांच्या बाजूनें कैफियत तयार करणाऱ्या वकिलांत पंडित हे एक होते. त्या कैफियतींतील युक्तिवाद आपण मन घट्ट करून वाचावा असा आहे. थिंद हे आर्यवंशीय आहेत, उच्च जातीचे आहेत, सबब शास्त्रदृष्ट्या ते गोऱ्यांच्याच वंशाचे आहेत, असें त्यांत मांडलें होतें. इतकेंच नव्हे, तर अमेरिकेंतील गोरा मनुष्य विवाहाच्या बाबतींत नीग्रोस जसा दूर ठेवितो, तसाच उच्च जातीचा हिंदु आपल्याकडील आदिवासींस दूर ठेवितो, असेंही प्रमाण पुढें केलें होतें. म्हणजे आपण इतरांस किती कटाक्षानें तुच्छ लेखतों, हाच आपल्या योग्यतेचा पुरावा म्हणून परक्या न्यायासनापुढें ठेवण्यांत आला!

या पुराव्याचा उपयोग झाला नाहीं. १९२२ च्या नोव्हेंबरांत ओझावा नांवाच्या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळतांना, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असें याच न्यायालयानें म्हटलें होतें. ता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं, अवघ्या तीन महिन्यांनीं, थिंदांच्या निकालांत त्यानें सांगितलें कीं, कॉकेशियन असणें पुरेसें नाहीं. सामान्य मनुष्य ज्यास गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ति सदरलँड हे स्वतः इंग्लंडांत जन्मलेले होते. आर्यत्व, उच्च कुल, सैन्यांतील सेवा यांपैकीं कशाचीही मात्रा चालली नाहीं.

या निकालानंतर, ज्या हिंदी लोकांस पूर्वीं नागरिकत्व मिळालें होतें त्यांचेंही तें काढून घेण्याचा सपाटा सरकारनें लाविला. सॅन फ्रॅन्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांचें नागरिकत्व गेलें, त्याबरोबर मालमत्ता धारण करण्याची मुभा गेली, आणि १९२८ मध्यें त्या गृहस्थांनीं निराशेनें आपला अंत करून घेतला. स्वतः पंडितांवरही दावा झाला. या वेळीं त्यांनीं कुलाचा व वंशाचा डांगोरा मुख्य केला नाहीं. १९१४ मध्यें सरकारला आपली हरकत मांडण्याची पुरी संधि मिळाली होती. न्यायालयानें निर्णय दिला, सरकारनें त्यावर अपील केलें नाहीं. त्या निर्णयावर विसंबून आपण वकिलीचा धंदा केला, घर केलें, संसार मांडला. आतां तोच प्रश्न पुन्हा उकरून काढतां येणार नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. १९२६ मध्यें अपील न्यायालयानें त्यांचें म्हणणें मान्य केलें. १९२७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला, आणि त्यानंतर इतरांवरील दावेही सरकारनें सोडून दिले.

जो वाद जन्मावर उभारला होता तो हरला. जो एकदां दिलेल्या निर्णयावर उभारला होता तो जिंकला. थिंदांनाही नागरिकत्व मिळालें तें पुढें १९३६ मध्यें, सैनिकांसाठीं झालेल्या एका नव्या कायद्यानें. म्हणजे वंशावरून नव्हे, सेवेवरून. आमच्या घरांतील कायदा शिकणाऱ्या मुलांनीं हीं दोन प्रकरणें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं, अशी आमची शिफारस आहे.

दार कोणीं उघडलें

परंतु पंडितांच्या विजयानें एका गृहस्थाचें घर राखलें. मागून येणाऱ्यांस दार बंदच राहिलें. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतून मजूर म्हणून किंवा वस्तीस जाणें जवळजवळ अशक्य केलेंच होतें. १९४६ मध्यें हिंदी मनुष्यास नागरिक होण्याची परवानगी मिळाली, तीही वर्षास शंभर प्रवेश एवढ्या मर्यादेंत. तीस-चाळीस कोटींच्या देशास शंभर जागा! हें दार पुरतें उघडलें तें ज्या लोकांनीं, त्यांचा आपल्या आर्यत्वाशीं कांहीं संबंध नव्हता.

१ डिसेंबर १९५५ रोजीं अलाबामांतील माँटगोमरी शहरीं रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूस देण्याचें नाकारलें. त्यांस अटक झाली. मग त्या शहरांतील कृष्णवर्णीयांनीं ३८१ दिवस बसमध्यें पाऊल ठेविलें नाहीं. स्वयंपाकिणी, धुणेंवाल्या, हमाल मैल मैल पायीं चालून कामास गेले. परंतु नेम मोडला नाहीं. शेवटीं न्यायालयानें बसमधील भेद घटनाबाह्य ठरविला. १९६० मध्यें ग्रीन्सबरो येथें चार विद्यार्थी, गोऱ्यांखेरीज कोणास वाढीत नसत अशा उपाहारगृहांत, शांतपणें जाऊन बसले. हा पंक्तिभेदाविरुद्धचा सत्याग्रह होता. पंक्तिभेद म्हणजे काय हें आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

या सत्याग्रहाची एक वाट आपल्याकडून गेली होती. १९३६ च्या फेब्रुवारींत हॉवर्ड थर्मन व त्यांचे सहकारी बारडोलीस येऊन महात्मा गांधींस भेटले होते. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित् नीग्रोंच्याच द्वारें जगास पोंचेल, अशी आशा गांधींनीं त्या वेळीं बोलून दाखविली. १९५९ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग हिंदुस्थानांत आले, तेव्हां मुंबईंत ते गांवदेवीच्या मणिभवनांत राहिले. त्याच प्रवासांत केरळांतील एका शाळेंत, जेथें अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलें शिकत होतीं, मुख्याध्यापकांनीं ‘हे अमेरिकेंतील आपल्यासारखेच एक अस्पृश्य’ अशा अर्थानें त्यांची ओळख करून दिली. प्रथम त्यांस तें झोंबलें. मग विचार करतां, तें खरेंच आहे असें त्यांस पटलें, ही हकीकत त्यांनीं पुढें १९६५ मध्यें एका प्रवचनांत सांगितली. थिंदांच्या कैफियतीशेजारीं हा प्रसंग ठेवून पाहावा. एकानें वरच्या पंक्तींत बसण्यासाठीं खालच्यांशीं असलेलें नातें नाकारलें. दुसऱ्यानें तें नातें आपलें म्हणून पतकरलें.

ता. २ जुलै १९६४ रोजीं नागरी हक्कांचा कायदा झाला. उपाहारगृह, वसतिगृह, नोकरी यांतील वर्णभेद बेकायदा ठरला. १९६५ च्या ऑगस्टांत मतदानाचे अडसर दूर करणारा कायदा झाला. आणि ता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं नव्या प्रवेश-कायद्यावर सही केली. स्वदेशांतील नागरिकांत वर्णावरून भेद करणें अन्याय्य असेल, तर दारांत उभ्या असलेल्यांत देशावरून भेद करणें न्याय्य कसें, या प्रश्नास आतां उत्तर उरलें नव्हतें. वर्षास शंभरांची मर्यादा गेली व एकेका देशास वीस हजारांपर्यंत वाट मोकळी झाली. आमच्या उपनगरांतून पहिले डॉक्टर व इंजिनिअर जे गेले ते या तिसऱ्या कायद्यानें. आणि तो कायदा पहिल्या दोहोंच्या पाठोपाठ, सुमारें पंधरा महिन्यांत, आला.

येथें कोणी म्हणेल, ‘आमचीं मुलें गुणांवर गेलीं, कोणाच्या उपकारानें नव्हे.’ गुणांविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु गुण १९२३ मध्यें नव्हते काय? पंडित विद्वान् नव्हते काय? थिंद शूर नव्हते काय? गुण तेव्हांही होते. फक्त ते विचारांत घेण्यापूर्वीं कातडीचा रंग विचारांत घेत असत. गुणांस किंमत येण्यासाठीं प्रथम हक्क असावा लागतो, आणि तो हक्क दुसऱ्यांनीं चालून, मार खाऊन, तुरुंगांत जाऊन मिळविला.

महाराष्ट्रानें हें आधींच ओळखलें होतें

हें नातें ओळखणारीं माणसें आपल्याच प्रांतांत होऊन गेलीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती नीग्रोंची दास्यांतून मुक्तता करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण करून. आपल्या देशबांधवांनींही तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनीं तेथें व्यक्त केली. १९१३ मध्यें सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती त्या विद्यापीठास लागूनच आहे. पुढें १९४६ मध्यें त्यांनीं तेथील कृष्णवर्णीय विद्वान् ड्यू बॉइस यांस पत्र लिहून, नीग्रोंनीं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. दोन्ही समाजांच्या स्थितींत मोठें साम्य असल्याचें त्यांनीं त्यांत नमूद केलें होतें. १९७२ मध्यें मुंबईंत दलित तरुणांनीं संघटना उभारली, तिचें ‘पँथर’ हें नांवही अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलें होतें.

माँटगोमरीची बस आणि महाडचें तळें यांची तुलना तर फार बोधप्रद आहे. १९२३ मध्यें सी. के. बोले यांच्या ठरावानें मुंबईच्या कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. १९२४ मध्यें महाडच्या नगरपालिकेनें तो ठराव स्वीकारला. तरी पाण्यास हात लावण्याची सोय नव्हती. ता. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्यांजवर हल्ला झाला, आणि मागाहून सनातनी मंडळींनीं पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धि’ केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनीं, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. दिवाणी दावा चालत चालत मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला व १९३७ च्या मार्चांत निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षें! कायदा होणें आणि ओंजळींत पाणी येणें, यांत दोन्हीं देशांत एवढें अंतर पडलें.

दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तळीं यांत जाति-धर्मावरून मज्जाव करूं नये, हें आपल्या घटनेनें १९५० मध्येंच लिहून ठेविलें. अमेरिकेनें तशा अर्थाचा कायदा १९६४ मध्यें केला. या बाबतींत आपण चौदा वर्षें पुढें होतों. परंतु पुढें असण्याचा अभिमान आचारानें राखावा लागतो.

आपला उंबरठा

किंग यांची हत्या १९६८ च्या एप्रिलांत झाली, आणि आठवड्याच्या आंत घरें विकतांना व भाड्यानें देतांना वर्णभेद करण्यास बंदी करणारा कायदा झाला. शाळा, बस, मतपेटी यांच्यामागून शेवटीं आलें तें घर. कारण माणसाचा भेदभाव सर्वांत उशिरां सुटतो तो आपल्या उंबरठ्यावर. १९२३ सालीं ज्या विवाहबंदीचा दाखला थिंदांच्या वकिलांनीं दिला, ती सोळा संस्थानांत १९६७ पर्यंत कायद्यानें टिकून होती. त्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली.

आपल्या उपनगरांत या गोष्टी परक्या नाहींत. १९२३ चा थिंद निकाल आणि २०२३ हें वर्ष यांत बरोबर शंभर वर्षांचें अंतर आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत मुलुंड पश्चिमेस एक मराठी बाई कचेरीसाठीं जागा पाहावयास गेली असतां, महाराष्ट्रीयांस येथें जागा देत नाहींत, असें तिला सांगण्यांत आलें. त्याचें चलच्चित्र घरोघर पाहिलें गेलें, संताप झाला, पोलिसांत तक्रार झाली. तो संताप रास्त होता. परंतु आपली रिकामी जागा भाड्यानें देतांना दलालास ‘आडनांव काय?’ असें प्रथम विचारणारे हात वर करूं लागले, तर मुलुंडापासून अंधेरीपर्यंत किती हात वर होतील, याचा हिशेब ज्याचा त्यानें मनांत करावा. मुलुंडची बाई आणि ती आडनांवामुळें परतलेली मंडळी एकाच पायरीवरून परतलीं आहेत.

सुनेचीही गोष्ट तशीच. चिरंजीवांनीं गोरी सून आणली तर चार दिवस रुसून पांचव्या दिवशीं स्वागत-समारंभाच्या पत्रिका छापणारें घर, सून कृष्णवर्णीय आहे असें कळतांच महिनोन्‌महिने फोन उचलीत नाहीं. पारख विद्येची नाहीं, स्वभावाची नाहीं. आणि ती करणारे आपण तर स्वतःही त्यांच्या लेखीं गोरे ठरलों नाहीं!

हा भेद आपण सामानाबरोबर परदेशींही नेला आहे. २०२३ च्या फेब्रुवारींत सिॲटल शहरानें जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली. तसें करणारें अमेरिकेंतील तें पहिलें शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेंही तशा अर्थाचें विधेयक संमत केलें, परंतु ऑक्टोबरांत गव्हर्नरांनीं त्यास संमति नाकारली. अशा कायद्याची आवश्यकता आहे कीं नाहीं याविषयीं आपल्या लोकांत तेथें तीव्र मतभेद झाले. कायद्याच्या शब्दांविषयीं प्रामाणिक मतभेद असूं शकतो. परंतु वर्णभेद बंद झाला म्हणून ज्या देशांत आपणांस घर मिळालें, तेथें जातिभेदाचा प्रश्न कोणी काढूंच नये असें म्हणणें, हें जेवून उठल्यावर पंक्तीचें दार लावून घेण्यासारखें आहे.

तिकडील लढा संपला आहे असेंही नाहीं. १९६४ चे कायदे असतां २०२० च्या मे महिन्यांत मिनिॲपोलिस येथें जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय मनुष्याचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं जीव गेला. त्यानंतर जे लाखों लोक रस्त्यावर आले त्यांत आपल्याही घरांतील मुलेंमुली होत्या, आणि इकडे आईबापांस त्यांची काळजी वाटली. काळजी वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ‘तुला काय करावयाचें आहे त्यांच्याशीं?’ असें त्यांस विचारण्यापूर्वीं १९६५ सालची हकीकत आपण जाणून घ्यावी, म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर मुलांनीं द्यावयाची आवश्यकता राहणार नाहीं.

आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच आहे. परदेशीं वाढणाऱ्या नातवंडांस शिवाजीमहाराजांच्या आणि रामायणाच्या गोष्टी आपण आवडीनें सांगतों, त्यांत सखाराम पंडितांची व रोझा पार्क्स यांचीही गोष्ट घालावी. मुलास वस्ती निवडण्याचा सल्ला देतांना शाळा, पाणी, रहदारी यांची चौकशी करावी. शेजाऱ्याच्या रंगाची करूं नये. आणि आपली जागा भाड्यानें देण्याची वेळ येईल तेव्हां येणाऱ्याची वागणूक व भाडें देण्याची ऐपत पाहावी, आडनांवावर त्याची पारख करूं नये. बादरींचें मत मीमांसेंत पूर्वपक्षांतच राहिलें. निदान आपल्या घरापुरता तरी त्यास सिद्धांत करणें आपल्या हातीं आहे.